ह्यांचं ‘बरंय’

नवनवीन हॉटेलांतले गोड पदार्थ खायचे आणि त्यांचे व्हिडिओ करायचे, हे आमच्या लेकीचं वेड. परवा तिने आम्हां दोघांना एका छोट्या कॅफेत नेलं. मालकीणबाई स्वतःच सगळं करायच्या. कॅफे उघडून महिना झाला तरी गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, त्यामुळे लेकीच्या व्हिडिओवरच त्यांची सगळी भिस्त होती.

सध्याच्या फॅशनप्रमाणे चॉकलेटचा पोकळ गोळा आला. बाईंनी वरून गरम सॉस ओतला, गोळा वितळला आणि आतून आइस्क्रीम निघालं. लेकीने मोबाईल ह्यांच्यासमोर धरला. "बाबा, सांगा, कसं आहे?"

ह्यांनी चमचा चाटूनपुसून खाली ठेवला. "बरंय."

बाईंचा चेहराच पडला. "बरंय? एवढंच?"

"अहो, मनाला लावून घेऊ नका," मी घाईघाईने म्हटलं. "ह्यांच्या घराण्यात याच्या वरचा शब्दच नाही. ही झाली तेव्हा हिला हातात घेऊनही हेच म्हणाले होते."

"मग आवडलं की नाही, हे कळायचं कसं?"

हे कानापर्यंत लाल झाले. बशीकडे बघत पुटपुटले, "अजून एक मिळेल का?"

बाई हसतच आत पळाल्या. मी मात्र सव्वीस वर्षं ह्यांना रांधून वाढतेय, पण ह्यांनी कधी काही पुन्हा मागितलेलं आठवेना. दुसरा गोळा आला, तशी मी बशी सरळ माझ्याकडे ओढली आणि एकटीने संपवली.

लेकीने व्हिडिओत ‘बरंय’ गाळून नेमकं ह्यांचं ‘अजून एक’ आणि माझं बशी ओढणं, एवढंच दाखवलं. आता त्या कॅफेबाहेर रांग लागते.