पारसन गिरीला शोधणारे भिंग

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. अशी कल्पना करा, की तुमच्या मुठीत एक लाकडी दांडा आहे आणि त्याच्या टोकाला पितळी कड्यात बसवलेली गोल काच आहे. ती मुंगीवर धरली, की मुंगीच्या मिशा दिसतात. आता डोळे उघडा. ती काच म्हणजे मी. मी एक जुने भिंग आहे, आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. का, ते सांगते.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. घासून घासून मला पोट आणले. भिंगाला पोट असावेच लागते, त्याशिवाय अक्षर मोठे दिसत नाही. तिथून मी हैदराबादेत, सुलतान बाजारातल्या कागद-पेनांच्या एका दुकानात आले. एकनाथराव वकिलांनी मला उचलले, माझ्यातून स्वतःच्या अंगठ्याच्या रेषा पाहिल्या आणि मला विकत घेतले.

कोणी दुकानात घसरला किंवा बसचा धक्का लागून जखमी झाला, की तो भरपाईसाठी कोर्टात दावा लावतो. पण ज्याच्यावर दावा लागतो, त्यालाही आपली बाजू मांडायची असते. एकनाथराव त्याच्यासाठी उभे राहत. इजा खरेच झाली का? तिथेच झाली का? चूक कोणाची? हे विचारणे त्यांचे काम आणि कागद न्याहाळणे माझे.

एकदा एक गृहस्थ म्हणाले, बसमधून पडून माझा उजवा हात मोडला. मी त्यांची दुसऱ्याच दिवशीची सही पाहिली. अक्षर ठसठशीत, शेवटी झोकदार शेपटी! मोडक्या हाताचे ते कामच नव्हते. कारकून दिलीप हसून म्हणाला, "साहेब, भिंगाने बिंग फोडलं!"

तेव्हापासून मला शंकेची चटक लागली.

पुढे एकनाथराव वारले. हिमायतनगरच्या त्याच ऑफिसात त्यांची सून रसिका वकिली करू लागली. ती नाशिकची. तिच्याकडे फोन होता. दोन बोटांनी ताणले, की अक्षर मोठे! मी नुसते कागदांवर ठेवायचे वजन झाले. एकदा पंख्याच्या वाऱ्याने फाईल सरकली, मी खाली पडले आणि माझ्या कडेचा टवका उडाला. माझ्या पडण्याबद्दल मात्र कोणी दावा लावला नाही.

मग भागूबाईंचा दावा आला.

भागूबाई शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायचे-उतरवायचे काम करत. त्यांचे म्हणणे असे, की गुरुवारी किशोरशेठच्या कापड दुकानाच्या ओल्या पायरीवरून त्या घसरल्या आणि गुडघा मोडला. ऑपरेशन झाले नाही, तर त्यांना बसची पायरी पुन्हा चढता येणार नव्हती, आणि ऑपरेशन भरपाईवर अडले होते. किशोरशेठ म्हणत, "बाई दुसरीकडेच कुठेतरी पडली." शेठची वकील रसिका.

दवाखान्याच्या कागदाची कार्बन प्रत पुसट होती. फोनमध्ये ती नुसतीच निळी दिसे. म्हणून कितीतरी वर्षांनी रसिकाने मला हातात घेतले. मी हुरळून गेले. कोणाचे तरी बिंग फोडायचेच, असे मी ठरवून टाकले.

चार दिवस गुडघा घरीच शेकून भागूबाई पुढच्या मंगळवारी दवाखान्यात गेल्या होत्या. कागदावर पडल्याची तारीख मात्र रविवारची होती. रविवारी तर दुकान बंद! आणि तारखेशेजारी, बारीक इंग्रजी अक्षरांत, दोन शब्द. रसिकाने ते वाचले : "पारसन गिरी. हा कोण? दिलीपभाऊ, यानेच बाईला आणलं असणार. शोधा याला. नाशकात गिरी आडनावाचे पुष्कळ आहेत, इथेही असतील."

दिलीपने आठ दिवस शोध घेतला. "नक्को मॅडम, आता पाय राहिले नाहीत. सुलतान बाजारात विचारलं, सिकंदराबादेत विचारलं. गिरी भेटले, पण पारसन कुणीच नाही. नाव तरी काय ठेवलंय, आईबापानं!"

कोर्टात रसिकाने भागूबाईंनाच विचारले. त्या गोंधळल्या. "कोण की, बाई. मी तर एकटीच गेलते."

"एकट्या? मग कागदावर हे नाव कसं?"

भागूबाईंनी पदर सावरत न्यायाधीशांकडे पाहिले. मला वाटले, सापडली! न सापडणारा साक्षीदार, बंद दुकान आणि गोंधळलेली बाई. रसिकाने पुढच्या तारखेसाठी प्रश्नांची यादी केली. पहिलाच प्रश्न होता, 'पारसन गिरी कोण?'

त्याच्या आदल्या संध्याकाळी रसिकाची मुलगी प्रणिता टेबलापाशी आली. तिला मराठी वाचताना अडखळायला होते, पण मैत्रिणींचे इंग्रजी अक्षरांतले दखनी, म्हणजे हैदराबादी हिंदीतले, मेसेज ती भराभर वाचते. तिने मला उचलून कागदावर धरले.

"आई, यात कोण पडलं?"

"पडलं? ते एका माणसाचं नाव आहे."

"नाव कसं असेल? पी-ए-आर-एस-ओ-एन, 'परसों'. 'परसों गिरी' लिहिलंय. परसों पडली!"

दिलीपने कपाळावर हात मारला. "अरे देवा! मी आठ दिवस परसोंचा पत्ता विचारत फिरलो?"

"पण परसों म्हणजे परवा," रसिका म्हणाली. "मंगळवारच्या आधीचा परवा रविवारच की."

"तुमच्या नाशकात, मॅडम. इथं परसों म्हणजे काल नाही, एवढंच. मागचा गुरुवारही परसों आणि माझं लग्नही परसोंच झालं! बाईचे दखनी शब्द डॉक्टरनं तसेच लिहिले, पण डॉक्टर इथं नवा असणार. त्यानं दोन बोटं मोजली आणि रविवार टाकला."

मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "समोरच्या वकिलांना हे अजून कळलेलं नाही."

रसिकाने कागद फाईलमध्ये सरकवला. तिने मला पालथे ठेवले. जन्मभर मी परक्यांवर शंका घेतली. त्या क्षणी पहिल्यांदा मला माझ्याच मालकिणीची शंका आली.

मित्रांनो, मी अक्षरे मोठी केली, पण त्याबरोबर माझा संशयही मोठा करत गेले. ते दोन शब्द मी कितीदा पाहिले, ऐकले एकदाही नाहीत. शंका जरूर घ्या. पण ती घेण्याआधी आपली काच पुसा आणि पहिली शंका आपल्याच वाचण्यावर घ्या.

रसिकाने दुसऱ्या दिवशी किशोरशेठना सांगितले, की रविवारचा मुद्दा आपण सोडायचा. शेठ पुष्कळ चिडले, पण पायरी ओली होती आणि तिथे पाटी लावली नव्हती, हे शेवटी त्यांनी कबूल केले. तडजोड झाली आणि भागूबाईंचे ऑपरेशनही झाले. पण हे आपोआप झाले नाही. त्या संध्याकाळी, आईने मला पालथे ठेवल्यावर, प्रणिताने जे केले, त्यामुळे झाले.

तिने प्रश्नांची यादी ओढली. 'पारसन गिरी कोण?' यावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले, 'भागूबाई कदी पडल्या?' मग तिने मला फ्रॉकच्या काठाने लख्ख पुसले, आईच्या हातात दिले आणि म्हणाली, "आई, नीट बघून सांग. मी बरोबर लिहिलंय ना?"