अर्धी घासलेली किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी कानस आहे. लोखंड-पितळ घासण्याचे दातेरी हत्यार. अंगभर दात असूनही मी जन्मात कुणाला चावले नाही. भट्टीत तापून, पाण्यात विझून मी घडले आणि एका किल्लीवाल्याच्या पेटीत येऊन पडले. फूटपाथवर एका फाटक्या छत्रीखाली त्याचे बस्तान होते. कोऱ्या किल्लीवर तो मला असा फिरवायचा, की लोक म्हणायचे, "हात आहे की यंत्र!" ते ऐकून फुगायचे मात्र मी.

कुलूप समोर असल्याशिवाय तो किल्ली करत नसे. गिऱ्हाईक वैतागले तरी त्याचा हेका सुटत नसे.

पैसा त्यालाही हवा होता, खूप हवा होता. उन्हापावसात बसून त्याला खोकला जडला होता. बायको म्हणे, "एखादा गाळा घ्या हो. डोक्यावर छप्पर आलं की खोकला तरी थांबेल."

एके दिवशी एक माणूस साबणाची वडी घेऊन आला. वडीवर किल्लीचा ठसा होता.

"कुलूप आणा," किल्लीवाला म्हणाला.

"ते दाराला आहे. काढून कसं आणू?"

"मग मला दारापाशी न्या."

माणूस हसला. "गाळ्याचे पैसे देतो. उद्या येतो."

किल्लीवाल्याने वडी ठेवून घेतली. संध्याकाळी घराच्या पायरीवर बसून त्याने कोऱ्या किल्लीला दोन दाते पाडले. मला रडू येत होते, पण हत्याराचे कोण ऐकतो? इतक्यात समोरच्या खोलीतली आजी बाहेर निघाली. तिने कुलूप लावले, ओढून पाहिले, चार पावले गेली आणि परत येऊन पुन्हा ओढून पाहिले.

"लक्ष ठेव रे बाबा," ती त्याला म्हणाली.

त्याने मला खाली ठेवले. त्याच साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, ठसा पुसला जाईपर्यंत. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला तो एवढेच म्हणाला, "तुमचा साबण संपला."

पण अर्धी किल्ली त्याला टाकवेना. दुसऱ्या कुलपाला लागेल म्हणून त्याने ती पेटीत ठेवली. कारागिराची काटकसर, दुसरे काय!

त्या माणसाने पुन्हा ठसा घेऊन किल्ली दुसरीकडून करून घेतली. त्या घरात चोरी झाली. पोलिसांनी सगळ्या किल्लीवाल्यांच्या पेट्या उपसल्या आणि आमच्या पेटीतल्या अर्ध्या किल्लीचे दोन दाते त्या घराच्या कुलपाशी तंतोतंत जुळले. त्याला पकडून नेले. पुढे खरा चोर सापडला आणि हा सुटला, पण गिऱ्हाईक फिरकेना. आता तो गोदामात पोती उचलतो आणि खोकतो. बायकोने गाळ्याचे नाव पुन्हा काढले नाही.

मी खिडकीत गंजत पडले आहे. तिथून सगळी गल्ली दिसते. तो कामावरून येताना दिसला, की लोक आपापल्या दाराचे कुलूप ओढून पाहतात. आजीसुद्धा. तो मान खाली घालून घरात शिरतो.

मित्रांनो, मला तेल लावा असे मी म्हणत नाही. कुलूपही जरूर ओढून पाहा. फक्त त्याच्याकडे बघत ओढू नका.