फुंकर

"अंगात ताप होता तर कामावर आलातच कशाला?"

व्यवस्थापक बाईंनी भर ऑफिसात विचारलं आणि मावशींचा कानांवर विश्वास बसेना. अकरा वर्षं त्या या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेल्यांना भरवत, पुसत, कुशीवर वळवत आल्या होत्या. बाईंची बोलणी त्यांना नवी नव्हती. पण हा प्रश्न, आणि तोही याच तोंडून! सोमवारी सकाळी फोन करून त्यांनी रजा मागितली, तेव्हा हेच तोंड म्हणालं होतं, "कणकणीचे लाड नंतर करा. इथं माणसं नाहीत. गोळी घ्या आणि या."

मावशी गोळी घेऊन आल्या. गुरुवारपर्यंत चार म्हातारी माणसं तापानं फणफणली आणि आज शनिवारी पहाटे कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजी गेल्या. आजींचा मुलगा समोरच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता.

"मला एका शब्दानं कळवायचं तरी," बाई त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मावशी उसळल्या. "खोटं बोलू नका बाई! मी रजा मागितली होती. माझी सून शेजारीच उभी होती, विचारा तिला."

बाई एकदम कागद चाळू लागल्या.

मुलानं मान वर केली. "आईला भरवायचं कोण?"

"मीच. दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नसत त्या." मावशी हे अभिमानानं बोलल्या आणि तिथंच थिजल्या. आजींना जरासं गरमही सोसायचं नाही. म्हणून मास्क हनुवटीखाली ओढायचा, सुपाच्या प्रत्येक चमच्यावर फुंकर घालायची, मगच भरवायचं. सोमवारीही तसंच. मंगळवारीही. रजेचं भांडण त्या जिंकल्याच होत्या. गप्प बसल्या असत्या तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

"मी फुंकर घालून भरवलं, दादा," त्या म्हणाल्या. "तापात. ध्यानातच आलं नाही हो माझ्या."



"शेवटचं कधी खाल्लं तिनं?" मुलानं विचारलं.

"बुधवारी संध्याकाळी. सात चमचे. आठव्याला माझा हात धरला. म्हणाल्या, बस झालं, तुझा चेहरा उतरलाय, घरी जाऊन पड."

मुलानं खिशातून रुमाल काढला. मावशींना वाटलं, डोळे पुसेल. त्यानं तो नाकाला लावला आणि खुर्ची मागे सरकवली.