दुसरा ब्रेक

रविवारी सकाळी साडेसातला निळी गाडी ड्रायव्हिंग स्कूलच्या फाटकातून बाहेर पडली. चालवायला आई, मागे सात वर्षांची मुलगी, डिकीत दोघींचं सामान. फाटक धरून बाप उभा होता. वळणाआधी गाडीचा डावा दिवा लुकलुकला, अगदी जिथे लुकलुकायला हवा तिथे. ते बापानेच शिकवलं होतं.

बापाला सगळे मास्तर म्हणतात. स्कूल त्यांचंच, घरही त्याच आवारात; निम्मं शहर त्यांच्याकडे क्लच सोडायला शिकलं. बायकोला मात्र गाडी येत नव्हती. दिव्याखाली अंधार, असं नातेवाईक म्हणत आणि मास्तरही हसत. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी तिला शिकवायला घेतलं होतं. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. त्या दिवशी त्यांचा पाय त्याच्यावरून हललाच नाही. गाडी सारखी आचके देऊन थांबत होती. शेवटी तिने विचारलं, "गाडी मी चालवतेय की तुम्ही?" आणि भर चौकात उतरून ती चालत घरी गेली. हा किस्सा मास्तर पुढे चारचौघांत रंगवून सांगत. ती तिथेच बसलेली असे.

वेगळं झाल्यावर मुलगी आईकडे राहिली. तिला भिंगरी म्हणतात, कारण ती जेवतानाही एका जागी बसत नाही. एक आड एक शनिवार-रविवार ती मास्तरांकडे येई. आई दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवते. घाटापलीकडच्या शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेने तिला मुख्य म्हणून बोलावलं. मुलीला घेऊन शहर सोडायचं तर बापाची संमती हवी, नाहीतर कोर्टाची परवानगी. म्हणून दोघं समुपदेशक बाईंच्या खोलीत समोरासमोर बसले.

मास्तर नाही म्हणू शकले असते. घरून निघताना तेच म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून मात्र टोमणा निघाला.

"जाऊ दे की खुशाल. फक्त एक आड एक शनिवारी सकाळी दहाला हिने स्वतः गाडी चालवत पोरीला माझ्या दारात आणून सोडावं."

बाईंनी मान वर केली. "ही तुमची अट समजू?"

"समजा," मास्तर हसत म्हणाले.

"मला मान्य आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी थोरल्या बहिणीने मास्तरांना झापलं. "शब्द मागे घे. अजून सही व्हायचीय."

"अगं ताई, तिला गल्लीत गाडी लावता येत नाही. ती घाट उतरणार?"

"बारा वर्षं संसार केलास, पण बायको कळली नाही तुला."

सही झाली. पुढच्याच आठवड्यात ती स्कूलमध्ये येऊन टेबलासमोर बसली.

"शिकायचंय."

"माझ्याकडे?"

"तुमच्याइतकं चांगलं कोणी शिकवत नाही असं ऐकलंय. बहुतेक तुमच्याकडूनच."

मास्तर पेचात पडले. वाईट शिकवलं तर ती कदाचित जाणार नाही. पण हट्टाने निघालीच, तर मागच्या सीटवर भिंगरी असणार. चांगलं शिकवलं तर भिंगरी जाणार, पण धडपणे जाणार. त्यांनी ठरवलं काहीच नाही. पहिल्याच धड्याला लक्षात आलं, की वाईट शिकवणं त्यांना जमत नाही.

सवयीने ते तिला इतर शिकाऊंसारखं अहोजाहो करू लागले. "आरसा बघा. हळू सोडा क्लच. फोन वाजला तर वाजू द्या. चालवताना उचलायचा नाही, कोणाचाही असो."

"इतका मान लग्नात मिळाला असता तर..." ती म्हणाली.

"आरसा बघा," मास्तर म्हणाले.

शेवटचा धडा घाटात होता. चढावर त्यांनी गाडी मुद्दाम थांबवायला लावली आणि पुन्हा काढायला सांगितली. गाडी मागे घसरू लागली. मागे मालाचा ट्रक उभा होता. मास्तरांचा पाय दुसऱ्या ब्रेकवर गेला आणि तसाच राहिला. त्यांनी दाबला नाही. इंजिनचा आवाज बदलला, गाडी क्षणभर लटकली आणि पुढे निघाली. ट्रकवाल्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

घाटमाथ्यावर तिने गाडी कडेला घेतली. "जमेल ना मला? खरं सांगा."

अजून तयारी नाही, एवढं म्हटलं असतं तरी तिने ऐकलं असतं. तिचा आवाज तसा होता.

"जमेल," मास्तर म्हणाले. "लग्नाच्या पहिल्या वर्षीच जमलं असतं. माझा पाय मध्ये येत होता."

तिने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. उतारावर दुसरा गिअर टाकला, न सांगता.

त्या रविवारी दोघी गेल्या. नंतरचे शनिवार निळी गाडी वेळेत आली, एकदा तर दहाच्या आधीच. भिंगरी उतरायची, दोन दिवस घर डोक्यावर घ्यायची आणि जायची. गेल्या खेपेला तिने बूट चढवता चढवता विचारलं, "बाबा, पुढच्या वेळी माझ्या मैत्रिणीकडे सगळ्या राहायला जाणारेत. मला इकडे यायलाच लागेल का?"

"आईला विचार," मास्तर म्हणाले. ये असंही म्हणाले नाहीत, नको येऊस असंही नाही.

या शनिवारी सकाळी घाटात दाट धुकं असल्याची बातमी होती. धुक्यात गाडी रस्त्याच्या पार कडेला घ्यायची, चारही दिवे लुकलुकत ठेवायचे आणि थांबायचं, हे त्यांनी तिला दोनदा समजावलं होतं. दहा वाजता गाडी आली नाही. अकरालाही आली नाही. मास्तरांनी दोन शिकवण्या पुढे ढकलल्या आणि फाटकाशी खुर्ची टाकली. ताई डबा घेऊन आली होती, ती उभीच राहिली.

"फोन केलास?"

"वाजतोय. उचलत नाही."

"म्हणजे चालवतेय."

"किंवा निघालीच नाही."

"तिच्याकडून निरोप नाही आला काही?"

"नाही."

पावणेबाराला त्यांनी पुन्हा फोन लावला. रिंग शेवटपर्यंत वाजली; चालवताना उचलायचा नाही, हेही त्यांनीच शिकवलं होतं.