हजाराव्या दिवसाची पाटी

मी पाटी बोलतेय. चाकणजवळच्या एका कारखान्यात, प्रेसशॉपच्या भिंतीवर, चार नंबरच्या प्रेससमोर टांगलेली. मला खिळ्यावर चढवलं त्याच दिवशी सुपरवायझर बबनरावांनी नियम सांगितला, "हिच्यावरचा आकडा रोज एकानं वाढणार. मागं यायचा न्हाई. का, ते कुणी विचारायचं न्हाई."

मी विचारलं नाही. पाटीला कोण विचारू देतं?

पिंपरीच्या बाजारात एका रेडियमवाल्यानं मला घडवलं. हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरं : 'शेवटच्या अपघातापासूनचे दिवस'. खाली चार हूक. त्यांना अडकवायच्या आकड्यांच्या चकत्या वेगळ्या पिशवीत. टेम्पोत त्या किणकिणत होत्या आणि मी खुशीत होते. वाटलं, मला बघून माणसं जपून काम करतील. नवी कोरी होते, म्हणून वाटलं.

रोज सकाळी आकडा बदलायचं काम धम्मरत्न यांच्याकडं होतं. सगळ्यांत जुने ऑपरेटर. चकतीला हात लावण्याआधी ते हात पुसून घेत. मला ते आवडायचे. अजूनही आवडतात, हीच पंचाईत आहे.

सहाशे बारावा दिवस. गेल्या वर्षीचा मार्च.

प्रेसला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्राला, दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी ती दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात आत सापडायची भीतीच नाही. पण त्या दिवशी माल मागं पडला होता आणि दुपारी ऑडिटचे पाहुणे येणार होते. बबनरावांनी उजवं बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून टाकलं. आता डाव्या हातानं बटण, उजव्या हातानं माल. काम भराभर. प्रेसवर सिद्धेश होता. कुरुळीचा, ठेक्यावरचा, चोवीस वर्षांचा.

मला डोळे मिटता येत नाहीत. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

त्याला मागच्या दारानं टेम्पोत घालून नेलं. कागदावर लिहिलं, घरी जिन्यात पडला. "आवरा रे, पाव्हणे गेटवर आले!" बबनराव ओरडले. धम्मरत्न यांनी प्रेस पुसला, चिकटपट्टी सोलून काढली. हातात उरला सिद्धेशचा हातमोजा. फाटक करकरलं, तसा त्यांनी तो माझ्या पाठीमागं कोंबला.

दुसऱ्या सकाळी त्यांनी माझ्यावर ६१३ लावलं. हात पुसून.

हातमोजा तिथंच राहिला. तेल आणि रक्त वाळून तो लाकडासारखा झाला. शेजारचा पंखा लागला की मी हलते आणि तो माझ्या पाठीवर बोटं वाजवतो. टक, टक. दोनच. अंगठा आणि करंगळी. मधली जागा गप्प असते, आणि मला तीच जास्त ऐकू येते.

धम्मरत्न यांनाही येत असावी. गेला सगळा उन्हाळा त्यांनी तो पंखा लावू दिला नाही. कुणी बटणाकडं गेलं की म्हणायचे, "राहू दे, मला वारा सोसत नाही." घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला असायचा.

उघड्या शटरमधून मला फाटक दिसतं. फाटकाबाहेर सरूबाईंची पोह्यांची गाडी. सिद्धेश त्यांचा मुलगा. आता तो डाव्या हातानं बशा देतो. विम्याच्या ऑफिसात चार वेळा जाऊन आला. कारखान्यात अपघात झाल्याची नोंदच नाही, मग पेन्शन कसली? कारखान्यात तर सगळं सुरक्षित, पाटीच सांगते ना! म्हणजे मी. पाहुणे टाळ्या वाजवायचे माझ्याकडं बघून. मला गंजून खाली पडावंसं वाटायचं, पण पत्रा चांगल्यातला होता.

हजार दिवस भरले की सगळ्यांना सहल, असं मालकांनी जाहीर केलं. दार्जिलिंग नाहीतर पणजी. माझ्या खाली टेबलावर चिठ्ठ्या टाकायला दोन खोकी आली आणि आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

"पणजीच राव!" फोर्कलिफ्ट चालवणारा खंडू म्हणायचा. "नदीत बोट, बोटीत कॅसिनो. एकदा त्या चक्रापाशी उभं राहायचंय."

"घरी काय सांगशील?"

"मंगेशीचं दर्शन."

सगळे हसायचे. धम्मरत्नही. मग हळूच म्हणायचे, "भावा, डोंगरात चल. शंभर वर्षांहून जुनी छोटी गाडी, ढगातली घरं, तिथल्या घूम गावचा बौद्ध विहार." त्या विहाराचं कॅलेंडरातलं चित्र त्यांच्या लॉकरच्या दारावर वीस वर्षं चिकटवलेलं आहे. कडा पिवळ्या पडल्यात.

"काका, तिथं थंडीनं दात वाजतील."

"वाजू देत की."

मी वर टांगून ऐकत होते. जुगार खेळायला पणजीला कशाला जायला हवं? चिकटपट्टी लावलेल्या प्रेसवर तो इथंच खेळला गेला होता. पण मोठ्या माणसांची ही खोड मला ठाऊक झालीय. डोंगर की कॅसिनो यावर ती आठवडाभर भांडतील. सहल कशाबद्दल मिळतेय, हे मात्र विचारणार नाहीत.

आज हजारावा दिवस. एप्रिल. फोटोवाला आलाय. दोन महिन्यांपूर्वी क्वालिटीत लागलेली आम्रपाली मला पुसायला आली. धम्मरत्न यांचीच मुलगी, बी.एस्सी. झालेली. तिलाही पहिल्या दिवशी बबनरावांनी तोच नियम सांगितला होता, आकडा मागं यायचा न्हाई.

"काय उकडतंय," म्हणत तिनं पंखा लावला.

टक, टक.

"बंद कर तो!" धम्मरत्न ओरडले. बापाला ओरडताना तिनं कधी ऐकलं नसावं. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मला भिंतीपासून पुढं ओढलं. हातमोजा टेबलावर पडला, दोन खोक्यांच्या मधोमध.

"बाबा, कुणाचा?"

"सिद्धेशचा."

"तो जिन्यात पडला होता ना?"

धम्मरत्न हात पुसायला लागले.

"कितव्या दिवशी?"

"सहाशे बारा." हे उत्तर मात्र लगेच आलं.

"पोरी, हजार लाव," बबनराव म्हणाले. "फोटोवाला खोळंबलाय. झालं ते झालं. तुज्या बापाचं डोंगराचं सपान हाय, त्याचा तरी इचार कर."

तिनं केला. मी जवळून पाहिलं. "बाबा, त्या विहारात तुम्हाला डोळे मिटून बसता येईल?"

धम्मरत्न यांच्या मुठीत दार्जिलिंगची चिठ्ठी होती. ती मुठीतच राहिली.

आम्रपालीनं पिशवीतून चकत्या काढल्या. तीन. आठ. आठ.

माझ्या बहिणी गावोगावच्या कारखान्यांत टांगलेल्या आहेत. त्यांच्यावरचा आकडा वाचून टाळ्या वाजवण्याआधी त्यांना एकदा भिंतीपासून पुढं ओढून बघा. एवढंच मागणं.

"तीनशे अठ्ठ्याऐंशी," आम्रपाली म्हणाली. "हाच आकडा रजिस्टरमध्ये जाणार, खाली माझी सही. आणि हा हातमोजा सिद्धेशच्या अर्जासोबत विम्याच्या ऑफिसात."

"काढ ते," बबनराव म्हणाले.

"नाही काढणार, बबनकाका. तुम्ही मोठी माणसं वर्षभर गप्प बसलात. मला ते शिकवू नका."

बबनरावांनी धम्मरत्न यांच्याकडं पाहिलं. बापानं मुलीला आवरावं, म्हणून. धम्मरत्न माझ्याकडं बघत राहिले.

पंखा फिरतोय. माझ्या पाठीमागं आता काही वाजत नाही.