एका चौकटीत बारा ठिपके

धाकट्या बहिणीचा प्रबंध छापून घरी आला तेव्हा थोरल्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत निळे होते, म्हणून पार्सल बाबांनी फोडलं. ते जाडजूड पुस्तक त्यांनी उलटसुलट केलं, कडेवरून अंगठा फिरवला, बांधणी सरळ असल्याचा निर्वाळा दिला आणि पहिलं पान उघडून थोरल्यापुढे धरलं. चष्मा आत राहिला होता, तेव्हा त्यानेच वाचावं.

त्याने वाचलं. ‘माझ्या बाबांना, ज्यांनी मला कष्टांची किंमत शिकवली.’

बाबांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

थोरल्याच्या जिवाची लाही लाही झाली. कष्ट, आणि मुंगीने? घरात तिला सगळे मुंगीच म्हणत. तिने आयुष्यात कधी कानस हातात धरली नव्हती. चार वर्षं एका गार खोलीत बसून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजल्या, त्याचं हे पुस्तक. तो मात्र सोळाव्या वर्षापासून या कारखान्यात, म्हणजे घराच्या पुढच्या दोन खोल्यांत, बाबांच्या हाताखाली उभा होता. बोलणी त्याने खाल्ली होती, खांदा त्याचा दुखत होता. बाबांनी कष्ट शिकवले असतील तर ते त्याला, आणि आभार मानायचे तर ते त्याने. आता तेच वाक्य आपण म्हणायचं म्हणजे उष्टं खाल्ल्यासारखं, असं त्याला झालं.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. मोजमापाची उपकरणं ज्या लोखंडी प्लेटवर ठेवतात ती अगदी सपाट लागते, आणि यंत्र जिथे थांबतं तिथून पुढे ती हातानेच सपाट करावी लागते. खात्रीच्या जुन्या प्लेटला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा आणि नवी प्लेट तिच्यावर घासायची. जिथे उंचवटा, तिथे निळा ठिपका उमटतो. तो ठिपका धारदार पात्याने खरवडायचा, केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाइतकाच. पुन्हा घासायचं, पुन्हा खरवडायचं. इंचभराच्या प्रत्येक चौकटीत निदान बारा ठिपके पसरलेले दिसले की प्लेट झाली. एका प्लेटला तीन आठवडे सहज जात.

आपलं काम आपणच पास करायचं नाही, हा बाबांचा नियम. झालेली प्लेट ते संध्याकाळी आतल्या खोलीत नेत, दार लोटून घेत आणि सकाळी निकाल सांगत. तिसरी ओळ, पाचवी चौकट, नऊच आहेत. थोरल्याची पहिली प्लेट त्यांनी अकरा वेळा परत केली होती. तो मनातल्या मनात बोटं मोडत मोजून बघे, आणि नऊच निघत. त्या नजरेची त्याला दहशत होती आणि तिचा अभिमानही होता. गेली नऊ वर्षं मात्र एकही प्लेट परत आली नव्हती. सकाळी बाबा नुसतं ‘जाऊ दे’ म्हणत. तेवढ्या दोन शब्दांवर तो दिवस काढी.

मुंगीला असं शब्दांवर दिवस काढायची वेळ कधी आली नाही. शाळेत असताना तिच्या अभ्यासाची जागाच आतल्या खोलीत, बाबांच्या शेजारी, दिव्याखाली होती. त्या बंद दाराबाहेर थोरला लोखंडाचा चुरा झाडत असे आणि आतून दोघांचं हलक्या आवाजातलं बोलणं ऐकत असे.

रविवारी ती आली. थोरला नव्या प्लेटवर वाकला होता आणि बाबा फडक्यांच्या घड्या घालत होते. पुस्तक कसं वाटलं, असं तिने विचारलं. कागद चांगला आहे, तो म्हणाला. मग त्याने खडा टाकला. पहिल्याच पानावर एक चूक राहून गेली आहे.

“कुठली?” तिचा चेहरा उतरला. चुकांच्या बाबतीत ती फार हळवी होती.

“ती कष्टांची किंमत. खांदे आम्ही मोडायचे, आणि तू गार खोलीत ठिपके मोजून आभार मानायचे.”

“ठिपके मी दहा वर्षांची असल्यापासून मोजतेय, दादा.”

“मुंगे,” बाबा म्हणाले. दटावल्यासारखं.

पण तिने बाबांना सांगितलं की आता पुरे झालं, इतकी वर्षं तिने तोंड शिवून ठेवलं होतं. आणि ती भावाकडे वळली. “तुझ्या प्लेटा मी नापास करायचे.”

तिने सगळं सांगितलं. बाबांना तेव्हाच धूसर दिसायला लागलं होतं. माणसं दिसत, दारं दिसत, पण लोखंडावरचे निळे ठिपके दिसत नसत. डॉक्टरने काम बंद करायला सांगितलं असतं म्हणून ते कधी डॉक्टरकडे गेलेच नाहीत, आणि बाहेर कळलं असतं तर गिऱ्हाइकं तुटली असती. म्हणून मुंगी पेन्सिलीचं टोक टेकवत एकशे चव्वेचाळीस चौकटी मोजे आणि बाबा कमी भरलेल्या चौकटी पाठ करत. एकदा कंटाळून तिने शेवटच्या ओळीचे आकडे मनानेच ठोकून दिले. बारा, बारा, बारा, सलग बारा वेळा. बाबा म्हणाले की इतकं सारखं कुणाच्याच हातून होत नाही. मग त्यांनी तिला पहिल्या चौकटीपासून सगळं पुन्हा मोजायला लावलं. ती मुसमुसत मोजत होती आणि बाहेर दादाचा झाडू चालला होता.

थोरल्याने पातं खाली ठेवलं. ज्या नजरेला तो एवढा भ्याला ती दुसरीत-तिसरीतून नुकत्याच वर गेलेल्या पोरीची होती, हे एक वेळ त्याने हसून सोडलं असतं. पण बाबांनी आपलं सगळ्यात मोठं गुपित तिच्या हाती दिलं आणि त्याला दाराबाहेर ठेवलं, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

“मला का नाही सांगितलंत?”

“तुला वाटायला हवं होतं की मला दिसतंय.”

थोरला मनाशी हिशेब करत राहिला. मुंगी शिकायला बाहेर गेली त्याला नऊ वर्षं झाली होती.

“ही गेल्यावर कोण मोजायचं?”

बाबांनी हातातल्या फडक्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. “कुणी नाही.”

“म्हणजे?”

“प्लेट आत न्यायचो. वर फडकं टाकायचो. सकाळी जाऊ दे म्हणायचो.”

नऊ वर्षांत दीडशे प्लेटा. कुठकुठल्या प्रयोगशाळांत त्या गेल्या होत्या, त्यांच्यावर काय काय मोजलं गेलं होतं. थोरला जवळजवळ ओरडलाच की त्यातली एखादी वाकडी निघाली असती तर काय केलं असतं.

“तुझी?” बाबांनी विचारलं. खरोखर न कळल्यासारखं.

मग मुंगीचा आवाज आला, बारीक आणि आंबट. “माझा एकही आकडा दोनदा मोजून घेतल्याशिवाय तुम्ही धरला नाहीत, बाबा. अजूनही फोनवर विचारता, पुन्हा तपासलंस का म्हणून.”

तिच्या पोटात काय दुखतंय ते थोरल्याला अचूक कळलं, कारण आठवडाभर त्याच्या पोटात तेच दुखत होतं. त्याला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली, पण बरं वाटणं काही गेलं नाही.

बाबांना आपण काहीतरी म्हणायला हवं, असं थोरल्याला वाटलं.

“उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं,” तो म्हणाला.

मुंगी लगेच पुढे झाली. तिच्या ओळखीच्या एक बाई आहेत, ती रजा टाकेल, तीच बाबांना घेऊन जाईल.

“तू नको. मी नेतो.”

“तुला काम आहे ना?”

“राहील एक दिवस.”

वीस वर्षांत या कारखान्यात असं वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. बाबांनी मान वळवली आणि आवाजाच्या रोखाने त्याच्याकडे बघत राहिले. थोरला वाट बघत होता, आता बोलणी बसणार.

“सकाळचंच जाऊ,” बाबा म्हणाले. “म्हणजे दुपारी तुला प्लेटला बसता येईल.”