हातचा एक

यज्ञेश्वर गुरुजींच्या हाताखालून गेलेलं पोर गणितात नापास होत नाही, असं दिंडोरीत अजूनही म्हणतात. ज्या एका पोरीने ते खोटं पाडलं, तिचं नाव मात्र कुणी काढत नाही.

त्या रविवारी सकाळी गुरुजींची मुलगी उत्तरा पंचवटीतल्या आपल्या घरी मटार सोलत बसली होती. दिवाळीपासून गुरुजी लेकीकडेच मुक्कामाला होते आणि दुसरीतल्या नातीला, इराला, रोज तासभर घेऊन बसत. तेव्हा उत्तरा ऑफिसात असायची. आयती शिकवणी मिळाली म्हणून खूश होती बिचारी.

"एका पेटीत सत्तावीस घड, दुसरीत पस्तीस. एकूण किती?" गुरुजींनी विचारलं.

इरा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. ओठ हलले. "बावन्न."

गुरुजी नुसते खाकरले. तेवढ्याने इराने डावा हात बाहेर काढला, बोटांच्या मध्ये स्वतःच पेन्सिल अडकवली आणि हात आजोबांपुढे धरला. रडली नाही, कुरकुरली नाही. रोजचंच काम असावं तसा धरला.

उत्तराच्या हातातली शेंग तशीच राहिली. "इरा, हे काय?"

"हातचा विसरले ना," इरा म्हणाली. "विसरलं की हाताला शिक्षा. म्हणून तर त्याला हातचा म्हणतात, आई."

तो पुढे आलेला हात तिच्या ओळखीचा होता. तिची धाकटी बहीण वैजू असाच हात धरायची. वैजू पाठीमागे हात लपवून बोटांवर मोजायची आणि तिचं उत्तर बरोबर यायचं. "अण्णा, वैजू बोटांवर मोजतेय," असं पळत जाऊन सांगणारी उत्तराच. शाबासकीची हाव, दुसरं काय. मग बोटांमध्ये पेन्सिल आणि वरून गुरुजींची मूठ, कळ डोक्यात जाईपर्यंत. पुढे पुढे वैजू गणिताची वही बघूनच थरथरायची. दहावीला गणितात दोनदा उडाली. मास्तराची पोर आणि ढ, म्हणून गाव हसलं. सोळाव्या वर्षी तिला वणीकडच्या एका घरात देऊन टाकली आणि सतराव्या वर्षी बाळंतपणात ती गेली. वीस वर्षं होऊन गेली, पण अजून कुठे पेन्सिल खाली पडली की उत्तरा दचकते.

तिने उठून इराच्या बोटांतली पेन्सिल काढून घेतली. "अण्णा, हे पुन्हा करायचं नाही."

"तूही अशीच शिकलीस. आज ऑफिसर आहेस," गुरुजी म्हणाले.

"मी शिकले. वैजूचं काय?"

इतक्या वर्षांत ते नाव बापलेकीच्या बोलण्यात आलं नव्हतं. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "ती ढ होती."

"नव्हती. बोटांवर मोजून तिचं उत्तर बरोबर यायचं. मला माहीत होतं, मी मूग गिळून बसले. आपण आधी तिची बोटं मोडली, अण्णा, आणि मग गणित येत नाही म्हणून तिला उजवून टाकली. आता मी गप्प बसणार नाही. इराला तुम्ही शिकवायचं नाही."

उत्तराने स्वयंपाकघरातून सहा वाट्या आणल्या आणि ती इराजवळ फरशीवर बसली. मटारांचं ताट पुढे ओढलं. "उत्तर नको सांगूस. कसं करतेस ते दाखव. चुकलं तरी चालेल."

इराने आधी आजोबांकडे पाहिलं. मग हळूहळू मोजायला लागली. दहा झाले की एक वाटी. दोन वाट्या आणि सात सुटे, तीन वाट्या आणि पाच सुटे. सुटे एकत्र केले, त्यातले दहा उचलून राहिलेल्या वाटीत टाकले आणि बराच वेळ त्या वाटीकडे बघत राहिली.

"आई, ही वाटी मी विसरत होते. बासष्ट."

"बरोबर, बाळा." उत्तराने तिची पाठ थोपटली.

गुरुजी खिडकीशी जाऊन उभे होते. बाहेर बघतच त्यांनी विचारलं, "वैजूचं खरंच बरोबर यायचं?"

"यायचं, अण्णा."

उत्तरा इराकडे वळली. उत्तर बरोबर आलं होतं, शाबासकीही मिळाली होती. तरी पोरीचा डावा हात पुढे आलेला होता, बोटं फाकवून, पेन्सिलीची वाट बघत.